मीटरवाले सर

सरांनी आम्हाला कॉम्प्युटर शिकवला तो बहुतेक बंद ठेवून.

हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला ऐकवलं तो हसला. सरांविषयी बोलताना मी नेहमी एवढ्यावरच थांबतो. हशा मिळाला की विषय बदलतो. आज बदलणार नाही, असं ठरवून बसलोय. सुरुवात मात्र गमतीनंच करावी लागेल, कारण एक तर सर तसेच होते, आणि दुसरं म्हणजे मूळ मुद्द्याला एकदम हात घालायचं बळ या वयातही माझ्यात नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावातल्या आमच्या कॉलेजात गणित विभागाच्या मागे एक लांबट खोली होती. तिच्यात बारा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आम्हीही बारा जण होतो, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र मशीन, अशी आमची पहिल्या दिवसाची समजूत. सर आले. उंच, वाळलेले, अंगात राखाडी सफारी, डोक्याला उन्हाचा पांढरा रुमाल तसाच. प्रत्येकाच्या हातात त्यांनी एक दगडी पाटी ठेवली. बालवाडीतली, लाकडी चौकटीची.

"प्रोग्रॅम आधी हिच्यावर चालवायचा," ते म्हणाले. "हिच्यावर चालला, की मग तिकडं."

"सर, पाटीवर प्रोग्रॅम कसा चालणार?" कुणीतरी विचारलं.

"तू चालव. तुला डोकं दिलंय ना? ते चालवायला लाईट लागत नाही."

खोलीच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, त्याच उंचीवर, विजेचं मीटर. फक्त लॅबपुरतं. ते सरांनी प्राचार्यांच्या मागे लागून बसवून घेतलं होतं. मशीन सुरू करण्याआधी एका वहीत लिहायचं, हे काम किती मिनिटांत होईल. ती अंदाजवही. काम संपलं की खरी किती मिनिटं लागली आणि मीटरची चकती किती फिरली ते लिहायचं. अंदाज चुकला तर सर रागवत नसत, फक्त चकतीकडे बोट दाखवत. दसऱ्याला इतर विभागांत यंत्रांना झेंडू वाहायचे, आमच्याकडे हळदकुंकू मीटरला. त्यामुळे सगळं कॉलेज त्यांना 'मीटरवाले सर' म्हणायचं. काही जण 'वीज मंडळ' म्हणायचे, पण ते पाठीमागं.

सर मूळचे धुळ्याकडचे. वर्गात बोलायचे ते शुद्ध, पुस्तकी. पण एखादं मशीन रिकामं सुरू दिसलं की आतली अहिराणी उसळून बाहेर यायची. "काय करी ऱ्हायनात रे? बठ्ठं बंद करा! तुले काय वाटस, लाईट आभायमाईन येस का?"

एकदा आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "आभाळातून नाही सर, भुसावळकडून येते."

झालं. त्या वर्षी सगळ्या कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली आणि आमची बारा जणांची गेली कोळशावर चालणारं वीजकेंद्र बघायला. सरांनी आम्हाला यंत्रं फारशी दाखवलीच नाहीत. राख दाखवली. दुपारभर उन्हात त्या राखेच्या कडेकडेनं फिरवलं. "हे तुमचे बबल सॉर्ट," ते म्हणायचे. "हे तुमचे इन्फिनिट लूप." म्हणजे आमचे रेंगाळणारे आणि कधीच न थांबणारे प्रोग्रॅम. परत आलो तेव्हा आमचे सगळ्यांचे केस पिकलेले होते. आमच्यातली कुमुद चौधरी तेव्हा जळगावात मावशीकडे राहायची. मावशीनं तिला दारातच थोपवलं आणि तीन बादल्या पाणी ओतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.

एसीवरून तर रोजच नाटक. मे महिन्यात जळगावात एसीची खोली म्हणजे स्वर्ग. प्राचार्य दुपारी पाहुण्यांना घेऊन यायचे. "या, आमची लॅब बघा जरा," म्हणायचे आणि पाहुणे खुर्चीत बसून डोळे मिटून लॅब बघायचे. सर त्यांना काही म्हणत नसत. पण डिसेंबर उजाडला की सर एसीची वायर काढून स्वतःच्या कपाटात कुलूपबंद करायचे. एकदा प्राचार्य जानेवारीत पाहुणे घेऊन आले.

"सर, एसी?"

"थंडी आहे."

"अहो, पण पाहुणे मुंबईचे आहेत."

"मग त्यांना स्वेटर देऊ का?"

कॉम्प्युटर विकणारा एक माणूस अधूनमधून यायचा, टाय लावून. त्याला सर दरवेळी एकच प्रश्न विचारायचे. "हे मेल्यावर काय करायचं?"

"वॉरंटी आहे ना सर."

"वॉरंटी संपल्यावर मेलं तर?"

"नवीन घ्यायचं. एक्सचेंजमध्ये कमी करून देऊ."

"आणि हे कुठं जाणार?"

तो इकडंतिकडं बघायचा. "जाईल की सर कुठंतरी."

"हा कुठंतरी कोणत्या तालुक्यात येतो?" सर अगदी मनापासून विचारायचे. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. ते मिळेपर्यंत एकही मेलेली वस्तू त्यांनी कॉलेजबाहेर जाऊ दिली नाही. लॅबच्या मागच्या कपाटात बंद पडलेले मॉनिटर, की-बोर्ड, फ्लॉपीचे ड्राइव्ह ओळीनं ठेवलेले असत आणि प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. जन्म, मृत्यू, मृत्यूचं कारण. बहुतेकांचं कारण 'धूळ'. एका की-बोर्डवर 'चहा' असं लिहून पुढं प्राचार्यांची सही घेतली होती.

कागदाच्या बाबतीत बोलायचं, तर एका सत्राला माणशी दहा पानं. छिद्रांच्या पट्ट्यांचा तो रुंद कागद. पाठकोरा कागद टाकणं म्हणजे सरांच्या लेखी पाप. मुलीच्या लग्नातली आचाऱ्याला द्यायची यादीसुद्धा त्यांनी प्रिंटरच्या पाठकोऱ्या कागदावरच लिहिली होती. आचाऱ्यानं पान उलट्या बाजूनं वाचलं. तिकडं कुणाच्यातरी प्रोग्रॅममध्ये एक ते हजार असं काहीतरी होतं. त्यानं हजार माणसांच्या बट्ट्यांचं पीठ मळायला घेतलं. वरातीबरोबर बट्ट्याही गावभर फिरल्या, असं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या.

तोंडी परीक्षेत सरांचा ठरलेला प्रश्न होता. "हा प्रोग्रॅम केलाच नाही तर कुणाचं काय बिघडेल?"

मी दहा कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रोग्रॅम केला होता. मी पुष्कळ बोललो. वेग, अचूकता वगैरे. सर ऐकत राहिले.

"दहा जणांचा पगार आपल्या शिपायाला तोंडपाठ आहे," ते म्हणाले. "खरं सांग, कुणाचं काय बिघडेल?"

"कुणाचंच नाही, सर."

"शाब्बास. वीसपैकी अठरा." आणि त्यांनी माझा प्रोग्रॅम पुसून टाकायला लावला.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. आम्हीही तेव्हा हसत होतोच. पण सरांच्या डोक्यात काय चाललं होतं ते दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कळलं. एका दुपारी त्यांनी आम्हाला लॅबच्या पायरीवर बसवलं. खेड्यांत तेव्हा दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. शहरात, निदान कॉलेजात, असायची.

"आपली मशीनं इथं चालू असतात," सर म्हणाले, "त्या वेळी तिकडं कुणाचातरी पंप बंद असतो. चोरी नाही म्हणत मी. पण घेतलंय आपण. मग त्याच्या विहिरीचं एखादं काम करून द्यायला नको?"

काम असं होतं. बारा मुलं, बारा गावं. प्रत्येक गावात पाच विहिरी ठरवायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन पाणी किती खोल आहे ते मोजायचं. दोन वर्षं. मोजायचं साधन म्हणजे हातहातावर गाठी मारलेला दोर आणि टोकाला दगड. मग ते आकडे मशीनमध्ये घालायचे आणि गावाला सांगायचं, तुमचं पाणी कुठं चाललंय, केळी किती लावावी, कपाशी किती. यावल-रावेरकडं पाणी खाली चाललंय हे जो तो म्हणायचा, पण आकडा कुणाकडं नव्हता.

रकाने चार. तारीख, विहीर, हात, शेरा. शेऱ्याच्या रकान्यावर सरांचा फार जीव. "मोजता नाही आलं तर कोरं ठेवा," ते म्हणाले होते. "का नाही आलं ते शेऱ्यात लिहा. कोऱ्या जागेला मी पूर्ण मार्क देईन."

हे मी मुद्दाम सांगतोय. पूर्ण मार्क देणार होते.

कुमुदला तिचं स्वतःचं फैजपूर मिळालं. पाचांपैकी एक विहीर तिच्या वडिलांचीच, आबांची. ती दर महिन्याला जायची आणि सोमवारी तिचा कागद वाचायला सगळी लॅब जमायची. शेऱ्यात काय नसायचं? 'मालक नव्हता, कुत्रं होतं.' 'दोर तुटला, दगड आत. आबा रागावले.' 'काठावर साप. लांबून मोजलं, एखादा हात इकडंतिकडं.' सर ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. "बघा," म्हणायचे, "ही माणूस तिथं गेल्याची खूण."

माझं घर जळगाव शहरातलं, मला गावच नव्हतं. म्हणून मला पहूरच्या पुढचं एक खेडं मिळालं. दोन एस.टी. आणि वर अर्धा तास चालणं. पहिले तीन महिने मी गेलो. माणसं चांगली होती. एका घरी तर ताक प्यायल्याशिवाय सोडत नसत. पण त्याच सुमारास जळगावात इंग्रजी बोलायला शिकवणारा एक क्लास निघाला होता, फक्त रविवारी. मला मुंबईला जायचं होतं. मुंबईत विहिरी कोण विचारणार?

चौथ्या महिन्याचे आकडे मी घरी बसून लिहिले. पाचव्याचेही. मग वाटलं, हे हातानं कशाला करायचं? बेसिक भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुलै ते सप्टेंबर पाणी वर, मग हळूहळू खाली, आणि दिसायला खरं वाटावं म्हणून प्रत्येक आकड्यात मशीनकडून थोडा हेलकावा. दोन वर्षांतलं उरलेलं सगळं एका बैठकीत उरकलं. अंदाजवहीत लिहिलं, 'विहिरींचं काम, पंधरा मिनिटं.' अकरा मिनिटांत झालं. सरांनी वही बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात पाटीवर आधी विचार करणं."

शेऱ्याच्या रकान्यात मी चोवीसही महिने लिहिलं होतं, 'विशेष नाही.'

दोन वर्षं संपली तेव्हा बारा गावांचे बारा आलेख लॅबच्या भिंतीवर लागले. कुमुदचा आलेख म्हणजे कुणीतरी वाकडंतिकडं शिवल्यासारखा, मध्ये भोकं. इतरांचेही तसेच. माझा मात्र नदीच्या वळणासारखा. सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

नवं विद्यापीठ नुकतंच झालं होतं. कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम पहिल्यांदाच ठरत होता आणि सर त्या अभ्यास मंडळावर होते. त्यांचा प्रस्ताव तयार होता. तीन वर्षं ते तो लिहीत होते. सगळ्या कॉलेजांतल्या प्रत्येक कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाला आठवड्याचे दोन तास हा विषय सक्तीचा. यंत्राला वीज किती लागते, कागद किती, ते मेल्यावर कुठं जाणार, आणि आपण जिथं बसलोय त्या गावाचं त्यानं काय भलं होणार. प्रोजेक्टच्या वीस मार्कांसकट. तेव्हा देशात असं कुठं शिकवत होते की नाही मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की अभ्यासक्रम एकदा छापला की दहा-पंधरा वर्षं कुणी हात लावत नाही. आत्ता नाही तर मग नाहीच.

आकडे दाखवायला त्यांनी तीन गावं निवडली. त्यात माझं एक. आणि आलेखाच्या गुंडाळ्या धरायला मलाच बरोबर घेतलं, ज्याचा आलेख सगळ्यात देखणा तो म्हणून. मला 'नको' म्हणायला दोन दिवस होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

बैठकीत नऊ-दहा जण होते. सर छान बोलले. अध्यक्षांनी दोनदा मान डोलावली. एक जण म्हणालाही, "वीस नाही, पण दहा मार्क द्यायला हरकत नाही." म्हणजे होत आलं होतं. मग माझा आलेख आला. मी तो दोन्ही हातांनी छातीसमोर उलगडून उभा राहिलो.

भूगोलाचे एक प्राध्यापक पाहुणे सदस्य म्हणून बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. "सर, हे गाव माझं. चार नंबरची विहीर म्हणजे मारुतीसमोरची ना?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तीन महिने मी ती मोजली होती, मारुतीसमोरचीच होती.

"ती तर बुजवली," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या आवाजात काही खोट काढण्याचा सूर नव्हता. माणूस गावची बातमी सांगतो तसे ते सांगत होते. "दीड वर्ष झालं. माझ्या भावाच्याच ट्रॅक्टरनं मुरूम टाकला. आता तिथं ओटा आहे, पोरं पत्ते खेळतात. तुमचं पाणी तर मागच्या महिन्यापर्यंत दिसतंय."

"ओट्याखालचं पाणी असेल," कुणीतरी म्हणालं. "कॉम्प्युटरला दिसतं बुवा सगळं."

हशा झाला. मोठा. अध्यक्षसुद्धा हसले. मी हातातला आलेख हळूहळू वर उचलला. आधी गळ्यापर्यंत, मग तोंडासमोर. मला कुणी दिसेना, कुणाला मी दिसेना. त्या कागदामागून मी सरांचा आवाज ऐकला.

"आकडे माझे आहेत," सर म्हणाले. "पडताळायची जबाबदारी माझी होती."

बास. एवढंच. पुढच्या दहा मिनिटांत प्रस्ताव 'अधिक अभ्यासासाठी' बाजूला ठेवला गेला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "चहा घेशील?" रस्त्याच्या पलीकडं टपरी होती. दोन कप आले. सर बशीत ओतून प्यायचे. अर्धा कप झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मोजायला गेला होतास का रे?"

मी म्हणालो, "हो सर. गेलो होतो."

"बरं," सर म्हणाले आणि उरलेला अर्धा कप प्यायले.

बैठकीत मी घाबरलो होतो. तिथं नऊ-दहा मोठी माणसं होती. टपरीवर कुणी नव्हतं. मला स्वतःची लाज वाटते ती टपरीची.

पुढं काही कुणी कुणाला हाकलून वगैरे दिलं नाही. अभ्यासक्रम छापला गेला, नेहमीसारखा. पुढच्या मंडळावर सरांचं नाव नव्हतं. लॅब दुसऱ्या, तरुण सरांकडं गेली. मीटर उतरलं, पाट्या कुठं गेल्या माहीत नाही, एसी बारा महिने सुरू झाला. सर धुळ्याला एका छोट्या संस्थेत शिकवायला गेले. मला विहिरींच्या प्रोजेक्टमध्ये पहिला वर्ग मिळाला होता. त्यावर मी मुंबईला गेलो, तिथं दोन वर्षं टिकलो, कंटाळून परत आलो आणि एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागलो. नव्वदचं दशक संपता संपता त्याच अभ्यास मंडळावर माझी नेमणूक झाली.

तिथं जुन्या फायली चाळताना सरांचा प्रस्ताव सापडला. मागं एक पत्र जोडलेलं, बैठकीनंतर चार दिवसांनी लिहिलेलं. सरांच्या अक्षरात. 'एका गावाचे आकडे सदोष होते, तो दोष सर्वस्वी माझा. कृपया ते गाव वगळावे. उरलेल्या अकरा गावांचे आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन घेतलेले आहेत. मंडळाने त्यांपैकी कोणतेही गाव निवडून तपासावे. मी सोबत येईन.' खाली तांबड्या शाईत शेरा: 'फाइल करावे.' पत्राबरोबर अकराही गावांचे सगळे कागद होते, आणि प्रस्तावाला आधीच जोडलेले माझेही. त्यांच्यावर टाचणीचा गंज उतरला होता.

तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की एका विहिरीनं एका माणसाचं नुकसान केलं. त्या दिवशी कळलं, अकरा जणांचे रविवार त्या फायलीत पडून होते.

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि ओळखलं. "ये रे. ह्यांना सांग जरा, घरात माणसांना बसायला जागा नाही उरली." खरंच नव्हती. व्हरांड्यात मेलेले मॉनिटर रचलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. सर मध्ये पाटावर बसून एका की-बोर्डची बटणं ब्रशनं घासत होते.

"सर, ती पहूरकडची विहीर..."

"चार नंबरची."

"मी मोजली नव्हती."

"माहितेय."

"कधीपासून?"

"तू कागद तोंडासमोर धरलास तेव्हापासून." त्यांनी एक बटण फुंकून जागेवर बसवलं. "आधी कळायला पाहिजे होतं मला. दोन वर्षं गावात जातोस आणि एकदाही तुला कुत्रं आडवं येत नाही? पण आलेख फार देखणा होता रे. मी भुललो. ती चूक माझीच, तिच्यात तुला वाटा नाही."

"आणि टपरीवर, सर..."

"टपरीवर मात्र मी वाट बघितली तुझी," सर म्हणाले. "अर्धा कप."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, त्याला पाणी तरी विचारा आधी." सरांनी ते ऐकलं नाही.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडं जा. अकरा जण आहेत. पहिल्यांदा फैजपूरला जा. त्या पोरीनं चोवीस महिन्यांतला एक रविवार चुकवला नाही."

"हो सर," मी म्हणालो.

आणि गेलो नाही. हेही लिहून टाकतो. वर्षं गेली. लग्न, मुलं, घर, विभागप्रमुखपद. आता पर्यावरणाचा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणतात आणि मी त्यावर सही करतो. तोंडी परीक्षेत मी कुणाला फार प्रश्न विचारत नाही. मंडळालाही मी कधी काही सांगितलं नाही.

सर गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. त्या आठवड्यात मी फायलीतल्या सगळ्या कागदांची झेरॉक्स काढली आणि फैजपूरला गेलो.

कुमुद तिथंच शाळेत गणित शिकवते. वडिलांची शेतीही तीच बघते. मी ओट्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. ती हातात सूप घेऊन ऐकत होती.

"म्हणजे माझे चोवीस रविवार तू तुझ्या एका विहिरीत बुडवले?"

"हो."

"आणि सरांनी अंगावर घेतलं."

"हो."

"आणि तू आता त्याच मंडळावर बसतो! मोठा साहेब!" तिनं सूप आपटलं. मग म्हणाली, "ते कागद आहेत का अजून?"

मी पिशवीतून काढून दिले.

"कोन आलं गं?" आतून आवाज आला. तिचे वडील, आबा, ओसरीत बाजेवर बसले होते. नजर अधू झालेली. "माझ्यासोबत शिकायचा तो आहे, आबा," तिनं सांगितलं. "मी विहीर मोजायची ना, त्याचे कागद आणलेत." त्यांची ती विहीर कोरडी पडून बरीच वर्षं झाली होती. आता सगळं बोअरवर, आणि बोअरही दरवर्षी आणखी खाली.

आबांनी बाजेवर हात आपटला. "वाच बरं."

ती वाचायला लागली. महिना, विहीर, हात, शेरा. आबा प्रत्येक आकड्याला थांबवायचे. "अठरा हात? हाव, बरोबर. त्या साली पानी टिकलं व्हतं." "दोर तुटला तो का? तो माह्या बैलाचा दोर व्हता, तू न विचारता नेला व्हता." कुमुद हसायला लागली. मध्येच डोळे पुसत होती. मी बाजेच्या पायथ्याशी बसून ऐकत होतो. एकेका आकड्यातून त्या घरातला एकेक दिवस निघत होता.

फैजपूरची पानं संपली. तिनं पुढचं पान उलटलं आणि थांबली. ते माझं होतं.

"काय झालं?" आबांनी विचारलं. "हे कोनाचं?"

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. सांगायचं मलाच होतं.

"माझं आहे, आबा," मी म्हणालो. "पण ते खोटं आहे. मी मोजलं नव्हतं."

आबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मी वाट बघितली. त्यांनी हात असा हलवला, जेवताना ताटातला खडा बाजूला सारावा तसा.

"मंग सोड ते," ते कुमुदला म्हणाले. "पुढचं वाच."